हरलेला मासा जाईल कुठे?

ऑस्कर, कॉन्व्हिक्ट, जॅक डेम्प्सी यांसारखे तापट सिक्लिड पाळणाऱ्याने सोबती निवडताना एक प्रश्न आधी विचारावा: भांडणात हरणारा मासा जाईल कुठे? नदीत हरलेला मासा दूर निघून जातो आणि भांडण तिथेच मिटतं. घरच्या टाकीत चारही बाजूंना काच असते. जिंकणाऱ्याला तो सतत समोर दिसतो आणि मार थांबत नाही.

माझ्या चार फुटी टाकीत दोन ऑस्कर आणि कॉन्व्हिक्टची जोडी एकत्र आली, ती दुकानदाराच्या शब्दावर. ‘सगळे सिक्लिडच आहेत, काही होत नाही.’ तेव्हा सगळीच पिल्लं दोन इंचांची होती आणि गुण्यागोविंदाने राहत होती. पुढे ऑस्कर वीतभर झाले, कॉन्व्हिक्ट मात्र बोटभरच राहिले. जिवाला धोका असलाच तर तो कॉन्व्हिक्टच्या, असं कुणीही म्हटलं असतं. झालं उलटंच. कॉन्व्हिक्टच्या मादीच्या पोटावर नारिंगी रंग चढला, जोडीने मातीच्या कुंडीखालची वाळू उपसली आणि कुंडीच्या आतून अंडी चिकटवली. त्या दिवसापासून अर्धी टाकी त्यांची झाली. नर थेट ऑस्करच्या तोंडावर धावून जायचा, मादी कुंडीच्या तोंडाशी पहारा द्यायची. पिल्लं पोहायला लागल्यावर त्यांची हद्द आणखी वाढली. दोन्ही ऑस्कर फिल्टरच्या नळीमागे, वरच्या कोपऱ्यात, पर अंगाला चिकटवून उभे राहत. त्यातल्या एकाच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या, जखमेवर कापसासारखी पांढरी बुरशी आली आणि तो दगावला.

म्हणून नुसत्या आकारावर विसंबू नये. जागा, अंडी आणि पिल्लं राखणं हा सिक्लिडचा स्वभावच आहे. नर-मादीची जोडी जमली की तिला स्वतंत्र टाकी द्यावी, किंवा मुळात जोडी जमेल असे मासे घेऊच नयेत.

दुसरी गोष्ट तोंडाची. ऑस्कर पूर्ण वाढला की फूटभर होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. निऑन टेट्रा, गप्पी त्याच्यासोबत टिकत नाहीत. कोरीडोरासला तर काटे असतात. ते घशात अडकले तर दोघेही मरतात.

तिसरी गोष्ट मूळ गावाची. ऑस्कर ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाण्यातला. दुकानात शेजारच्याच टाकीत दिसणारे पिवळे-निळे म्बुना आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले. त्यांना कठीण, अल्कधर्मी पाणी लागतं. त्यांचा मुख्य आहार खडकांवरचं शेवाळ. ऑस्करचं प्रथिनयुक्त खाणं त्यांना रोज मिळालं तर पोट फुगून मरण्याचा धोका असतो. तेव्हा दोघेही सिक्लिड असले तरी त्यांना एका टाकीत ठेवू नये.

मग चालतं कोण? ऑस्करला अंगापिंडाने तोलामोलाचे पण भांडणात रस नसलेले सोबती हवेत. पाच-सहा सिल्व्हर डॉलरचा थवा उत्तम. ते उंच, चपळ असतात, वरच्या पाण्यात फिरतात आणि त्यांच्या वावरामुळे ऑस्करही कमी बिथरतो. सेव्हरम हाही तुलनेने शांत सिक्लिड आहे. मात्र या मंडळींना मोठी टाकी लागते. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत जेमतेम अडीचशे लिटर पाणी मावतं. ते एका ऑस्करपुरतं धरावं; थवा ठेवायचा तर सहा फुटी टाकीचा विचार करावा. फ्लॉवरहॉर्न माणसाने संकरातून तयार केलेला मासा आहे आणि बहुधा कुणालाच खपवून घेत नाही. त्याला एकटाच ठेवावा.

मासे सोडण्याचा क्रमही महत्त्वाचा. शांत मासे आधी सोडावेत, तापट शेवटी. नवा मासा सोडताना दगड, लाकडं हलवून मांडणी बदलावी, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात. दिवा काही तास बंद ठेवावा. पुढचे काही दिवस खायला घालताना नीट पाहावं. एखादा मासा कोपरा सोडत नसेल, खायला येत नसेल, त्याचे पर फाटत असतील तर ‘जुळवून घेतील’ म्हणून थांबू नये, त्याच दिवशी वेगळं करावं. त्यासाठी टाकीत बसणारी जाळीची फळी किंवा फिल्टर चालू असलेली छोटी टाकी आधीपासून तयार हवी.

आणि जमेना म्हणून मासा नदीत, तलावात सोडू नका. सकर मासा असाच शोभेच्या टाक्यांतून आपल्या पाण्यात शिरला. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत तो आज येतो, जाळी फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. दुकानदाराला परत द्या, मोठी टाकी असलेल्या जाणत्या हौशी माणसाकडे सोपवा. तेही शक्य नसेल, तर दुसरा मासा आणूच नका. ऑस्कर एकटाही छान जगतो.