प्रौढवयातील परभाषाध्ययन : काशीतील दोन विद्यार्थी

भाषा लहानपणीच शिकावी, मोठेपणी ती अंगी लागत नाही, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. भारतीय भाषांच्या विद्यापीठीय अध्यापनावर या समजाचा परिणाम झालेला दिसतो. स्वभाषेखेरीज दुसऱ्या एखाद्या भारतीय भाषेतील वाङ्मयाचा अभ्यास करू इच्छिणारा विद्यार्थी विशी ओलांडल्यावर विभागात येतो. त्याला त्या भाषेविषयी पुष्कळ सांगितले जाते. ती भाषा मात्र क्वचितच शिकवली जाते. मग तो इंग्रजी अनुवाद समोर ठेवून तुलना करू लागतो, आणि दोन भारतीय वाङ्मयांची म्हणून केलेली तुलना प्रत्यक्षात दोन इंग्रजी पुस्तकांची तुलना ठरते. प्रौढवयात भाषा येते की नाही, आणि येत असेल तर कोणत्या मार्गाने, हा प्रश्न म्हणूनच केवळ अध्यापनशास्त्राचा नाही. तौलनिक अभ्यासाच्या पायाचा तो प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात काशीशी संबंधित अशा दोन प्रौढ विद्यार्थ्यांच्या आधारे त्याचा विचार केला आहे. पहिले जेम्स रॉबर्ट बॅलंटाइन (१८१३–१८६४) आणि दुसरे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७).

१

आरंभी वयाच्या मुद्द्याचा निकाल लावणे इष्ट होईल. कॅथरीन स्नो आणि मारियान हूफ्नागेल-ह्योले यांनी हॉलंडमध्ये राहावयास आलेल्या इंग्रजीभाषक कुटुंबांतील लहानथोरांच्या डच भाषेच्या प्रगतीचे निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या काही महिन्यांत बारा ते पंधरा वर्षांची मुले आणि प्रौढ यांचीच प्रगती सर्वांत जलद होती. तीन ते पाच वर्षांची बालके सर्वांत मागे होती. पुढे वर्षअखेरीस मोठी मुले प्रौढांच्या पुढे गेली, हेही खरे आहे. दीर्घकाळ त्या भाषेत वावरल्यावर, विशेषतः उच्चारांत, बालवयात आरंभ करणारा सरस ठरतो, असेही सामान्यतः आढळते. तथापि प्रौढाला भाषा येतच नाही, या समजाला त्यातून आधार मिळत नाही. व्याकरणाचा नियम समजून घेणे, शब्दांचे गट पाडणे, एका भाषेतील रचना दुसरीशी ताडून पाहणे या गोष्टी प्रौढाला बालकापेक्षा चांगल्या साधतात. त्याच्याजवळ उणीव असते ती वेळेची, सहवासाची आणि चुकण्याच्या तयारीची.

२

बॅलंटाइन यांनी मराठी भाषेचे व्याकरण लिहून १८३९ मध्ये एडिंबरो येथे छापले. हेलिबरी येथील ईस्ट इंडिया कॉलेजातील विद्यार्थ्यांसाठी ते होते. मराठी बोलणाऱ्या समाजात न राहता, हिंदुस्थानात पाऊल ठेवण्यापूर्वीच, एका परक्या तरुणाने हे काम केले होते. ग्रंथांच्या आधारे भाषा कोठवर हस्तगत होते, याचे हे उदाहरण आहे. पुढे १८४६ पासून १८६१ पर्यंत ते बनारस संस्कृत कॉलेजाचे प्रमुख होते. जोनाथन डंकन यांनी १७९१ मध्ये स्थापन केलेली हीच पाठशाळा पुढे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयात परिणत झाली.

अधिकाराने ते पंडितांचे वरिष्ठ होते. परंतु न्याय, सांख्य आणि व्याकरण या शास्त्रांत त्यांना पंडितांच्याच साहाय्याने पुढे जावे लागले. त्यांनी वरदराजाची लघुकौमुदी इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केली. तर्कसंग्रहाचीही इंग्रजी व हिंदी भाषांतरांसह आवृत्ती काढली. या योजनेतील तत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. पंडिताला लघुकौमुदी मुखोद्गत असते. तिच्या शेजारी इंग्रजी वाक्य ठेवले की अर्थ शोधण्याचे श्रम उरत नाहीत. सारे लक्ष परक्या भाषेच्या रचनेकडे लागते. उलट, युरोपीय वाचकाला त्याच पानावर इंग्रजीच्या आधाराने पाणिनीय परिभाषेत शिरता येते. एकाच ग्रंथाच्या दोन बाजूंनी दोन प्रकारचे प्रौढ विद्यार्थी आत येतात.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. अध्यापनात पायऱ्या पाडण्याची कल्पना पाश्चात्त्यांकडून आली असे सरसकट मानणे योग्य नाही. अष्टाध्यायीतील सुमारे चार हजार सूत्रांतून बाराशेंहून थोडी अधिक सूत्रे निवडून वरदराजाने नवशिक्यासाठी मार्ग आखलाच होता. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या १८६४ मधील मार्गोपदेशिकेने या निवडीला उभयपक्षी भाषांतराच्या सरावाची जोड दिली. नियम थोडे, त्यांचा उपयोग त्वरित, आणि भाषांतर दोन्ही दिशांनी, ही तिची रीत आजही टाकाऊ झालेली नाही.

३

धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण याहून अधिक बोलके आहे. गोव्यातील साखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. घरची भाषा कोंकणी, वाचनाची भाषा मराठी, राज्यकर्त्यांची पोर्तुगीज. शालेय शिक्षण तुटपुंजे होते. बुद्धाच्या चरित्राने आणि शिकवणीने त्यांना वेध लावले, आणि मूळ ग्रंथांपर्यंत पोहोचावयाचे तर संस्कृत हवे, या जाणिवेने १८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. पुण्यास भांडारकरांची भेट घेऊन ते पुढे ग्वाल्हेरमार्गे काशीला आले. अन्नछत्रात जेवून गंगाधरशास्त्री तेलंग यांच्या शिष्यपरंपरेत त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. ‘निवेदन’ या १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हा सर्व प्रवास आला आहे.

काशीच्या परंपरागत अध्ययनात पालीला स्थान नव्हते. १९०२ मध्ये ते नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता असे फिरत सिंहलद्वीपात गेले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी पाली शिकू लागले. पालीला स्वतःची अशी एकच लिपी नाही. सिंहलात ती सिंहली अक्षरांत, ब्रह्मदेशात बर्मी अक्षरांत लिहिली जाते. भाषेबरोबर लिपीही नव्याने गिरवणे अशा विद्यार्थ्याला चुकत नाही. असे असूनही १९०६ मध्ये ते कलकत्त्यात पालीचे अध्यापन करू लागले होते. १९१० मध्ये विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी ते प्रथम हार्वर्डला गेले, आणि पुढे खुद्द पालीत ‘नवनीतटीका’ लिहिण्यापर्यंत त्यांची मजल गेली. परभाषेचा वाचक हा त्या भाषेतील लेखक झाला.

४

पाली एवढ्या त्वरेने साध्य होण्याचे श्रेय केवळ बुद्धिमत्तेला देऊन चालणार नाही. मराठी व संस्कृत जाणणाऱ्याला पाली ही पूर्णतः नवी भाषा नसते. काही अंशी ते पुनरध्ययनच असते. हस्त–हत्थ–हात, सप्त–सत्त–सात, कर्म–कम्म–काम, अद्य–अज्ज–आज, दुग्ध–दुद्ध–दूध या मालिकांत पालीचा शब्द दोन परिचित शब्दांच्या मधोमध उभा असतो. पालीने द्विवचन टाकले आहे. मराठीतही ते नाही. नपुंसकलिंग दोन्हींत आहे. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले की विस्मृत झालेला पाठ पुन्हा शिकण्यास पहिल्यापेक्षा कमी आवृत्त्या पुरतात. त्यांचे प्रयोग निरर्थक अक्षरगटांवरचे होते; तरीही बालपणी ऐकलेली वा शाळेत अर्धवट शिकलेली भाषा पुन्हा हाती घेणाऱ्याने आपण शून्यापासून आरंभ करीत नाही, हे त्यावरून ओळखावे.

मात्र परिचय हाच फसवाही असतो. पालीतील ‘संखार’ हा संस्कृत ‘संस्कार’च आहे, पण मराठी मन त्यातून उपनयन, विवाह किंवा घरचे वळण असा अर्थ काढू लागले तर प्रतीत्यसमुत्पादाची साखळीच उलगडणार नाही. काशीत राहणाऱ्या मराठी माणसाला हा अनुभव हिंदीत रोज येतो. ‘शिक्षा’ म्हणजे तेथे शिक्षण; ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न; ‘यातायात’ म्हणजे वाहतूक. अपरिचित शब्दासाठी विद्यार्थी कोश उघडतो. परिचित वाटणाऱ्या शब्दासाठी उघडत नाही. जवळच्या भाषा शिकताना मोठ्या चुका होतात त्या येथेच.

यावरून एक विधान करता येते. प्रौढाची पूर्वभाषा ही अडथळा नसून भांडवल आहे. परंतु ते डोळसपणे वापरले पाहिजे. केवळ परभाषेतच बोलावे, स्वभाषेचा उच्चारही करू नये, असा दंडक प्रौढांच्या वर्गात घालणे म्हणजे त्यांचे हे भांडवल काढून घेणे होय. उलट, सर्व काही भाषांतरातूनच समजावीत राहणे म्हणजे त्यांना दारातच थांबवणे होय.

५

कोसंबींच्या उदाहरणाचा गौरव करताना त्याची किंमतही सांगितली पाहिजे. घर सोडले तेव्हा मागे पत्नी होती आणि तान्ही मुलगी होती. त्यांच्या अध्ययनाचा भार त्या घराने वाहिला. सर्वस्वत्याग ही अध्ययनपद्धती म्हणून कोणाला सांगता येणार नाही. ज्या गोष्टी त्यांनी त्यागाने मिळवल्या, म्हणजे निर्वेध वेळ, गुरूचा सहवास आणि त्या भाषेच्या प्रदेशातील वास्तव्य, त्या आजच्या विद्यार्थ्याला व्यवस्थेने मिळवून दिल्या पाहिजेत. विद्यापीठीय विभागांचे कर्तव्य येथे सुरू होते.

असा अभ्यासक्रम आखताना पुढील गोष्टींचा विचार व्हावा. वेच्यांच्या संग्रहाऐवजी एक लहान पण संपूर्ण ग्रंथ पहिल्या वर्षी मुळातून वाचला जावा; शक्य तर त्याचा आशय विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असावा. त्यातील काही भाग मोठ्याने म्हणून पाठ करावा. पाठांतराची उपेक्षा प्रौढांच्या वर्गाला परवडणारी नाही. समान रूपाच्या पण भिन्न अर्थाच्या शब्दांची यादी प्रत्येक भाषायुग्मासाठी तयार व्हावी आणि विद्यार्थ्यांनीच ती वाढवीत न्यावी. दुसऱ्या वर्षी काही महिने त्या भाषेच्या प्रदेशात काढण्याची सोय असावी. वाराणसीतील विद्यार्थ्याला पुण्यात आणि पुण्याच्या विद्यार्थ्याला वाराणसीत सामावून घेणे अशक्य नाही. शेवटी, शिकलेले लवकर शिकवावयास लावावे. कोसंबींची पाली अध्यापनाच्या काळातच पक्की झाली असावी, असा तर्क करण्यास जागा आहे. फर्ग्युसन महाविद्यालयातील त्यांच्या १९१२ ते १९१८ च्या अध्यापनातून पु. वि. बापटांसारखे पालीचे अभ्यासक पुढे आले.

१९३५ च्या सुमारास कोसंबी पुन्हा काशीत होते. पस्तीस वर्षांपूर्वी अन्नछत्राच्या पंगतीत बसणारा हा विद्यार्थी आता पाली वाङ्मयाचा जाणकार म्हणून ओळखला जात होता, आणि ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ हे पुस्तक त्याने मराठीतच लिहिले. इतक्या भाषा शिकून झाल्यावरही स्वभाषा सुटली नव्हती. परभाषाध्ययनाचे फळ अखेर स्वभाषेच्या पदरात पडावे, ही अपेक्षा भारतीय भाषांच्या विभागांनी आपल्या प्रौढ विद्यार्थ्यांकडून ठेवण्यास हरकत नाही. मात्र त्याआधी त्या विद्यार्थ्यांना ती भाषा खरोखर शिकवली गेली पाहिजे.