स्वहस्तें घरदुरुस्ती : चारकोपच्या घरांचा धडा

दसरा-दिवाळीच्या सुमारास पावसाळा ओसरतो आणि घरधन्याची नजर शेतावरून घराकडे वळते. भिंतीस ओल आलेली, पन्हळ गळती, मोरीचें पाणी परसांत तुंबलेलें, असें कांहीं ना कांहीं प्रत्येक घरीं असतेंच. मग घरांत विचार निघतो कीं, यंदा घराला हात लावावा. येथपर्यंत सर्व ठीक आहे. परंतु पुष्कळ घरीं या विचाराचा शेवट असा होतो कीं, दर्शनी भिंतीस रंग लागतो, पुढील पडवींत गुळगुळीत फरशी येते, त्यापायीं डोक्यावर देणें चढतें, आणि मागील दारीं पाणी पूर्वीप्रमाणेंच तुंबून राहतें. पैसा गेला, दोष मात्र राहिला. असें कां व्हावें, आणि थोडक्या खर्चांत, घरच्या माणसांच्या हातांनीं घर नीट कसें करतां येईल, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विषयाचा उत्तम वस्तुपाठ आम्हांस एखाद्या खेड्यांत नव्हे, तर मुंबईच्या उपनगरांत आढळतो. शेतकऱ्यांच्या मासिकांत उपनगराची गोष्ट कशाला, असें वाचकांनीं म्हणूं नये. कांदिवलीच्या पश्चिमेस, खाडीच्या बाजूस चारकोप म्हणून वसाहत आहे. १९८५ सालीं जागतिक बँकेच्या कर्जसाह्यानें मुंबई नागरी विकास प्रकल्प हातीं घेण्यांत आला. त्यांत चारकोपची जागा होती व तेथील काम म्हाडाकडे होतें. या योजनेंत सरकारनें लोकांस बांधलेलें घर दिलें नाहीं. आंखलेला भूखंड, रस्ता, नळाचें पाणी व सांडपाण्याचीं गटारें एवढें दिलें, आणि घर ज्याचें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें उभारावें असें ठरविलें. लहान भूखंड २५ ते ४० चौरस मीटरांचे. सुमारें ३५ बिऱ्हाडांची एक सहकारी संस्था, आणि मध्यें सामाईक अंगण, अशी मांडणी होती.

अशा योजनेंत माणूस आधीं चार भिंती व पत्र्याचें छप्पर करून राहावयास येतो. पैसा सांठला म्हणजे पोटमाळा घालतो. पुढें पत्र्याच्या जागीं पक्कें छत येतें, आणि मुलें कमावतीं झालीं म्हणजे मजला चढतो. प्रत्येकानें स्वतः थापी धरली असें नव्हे. बांधकामास गवंडी लागतातच. परंतु काय बांधावें, केव्हां बांधावें व किती बांधावें, याचा निर्णय घरधन्याच्या हातीं राहिला. आज तेथील पुष्कळ घरें पक्कीं व मजल्याचीं झालेलीं दिसतात.

यांतील मर्म कामाच्या क्रमांत आहे. जें जमिनीखालीं जातें व मागाहून बदलणें महाग पडतें, तें आधीं व जाणत्याकडून करून घेतलें. जें वर दिसतें व हळूहळू वाढवितां येतें, तें मागाहून व घरच्या सोईनें झालें. आपण खेड्यांत नेमकें याच्या उलट करतों. फरशी आधीं घालतों आणि मोरीच्या नळासाठीं ती दोन वर्षांनीं फोडतों. घराच्या कामाचा क्रम म्हणून आमच्या मतें असा असावा : प्रथम जोत्याजवळचें पाणी, मग छपराचें पाणी, मग भिंती, आणि शोभा सर्वांच्या शेवटीं.

पाण्यास इतकें महत्त्व कां, हें एका हिशेबावरून कळेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तेवढा पाऊस २५ चौरस मीटरांच्या लहानशा छपरावर पडला, तर एका दिवसांत २३,६०० लिटर पाणी त्या घराच्या वळचणीखालीं उतरतें. या पाण्यास वाट नसेल तर तें जोत्यांतच शिरणार. मग भिंतीवर रंग कितीही भारी असो.

पहिलें काम : जोत्याभोंवतीं ढाळ. घराच्या चारी बाजूंस सुमारें ३ फूट रुंदीची पट्टी मुरूम घालून ठोकून घ्यावी आणि तिला घरापासून बाहेर, दर ४ फुटांस १ इंच, असा ढाळ द्यावा. ढाळ डोळ्यांनीं अजमावूं नये, डोळा फसतो. त्याकरितां घरीं करतां येण्याजोगी पाणसळ आहे. तीस फूट पारदर्शक नळी घेऊन तींत पाणी भरावें; दोन्ही टोंकांस वीतभर जागा रिकामी ठेवावी व आंत हवेचा बुडबुडा राहूं देऊं नये. एकानें एक टोंक भिंतीशीं व दुसऱ्यानें दुसरें टोंक अंगणांतील खुंटीशीं उभें धरावें. दोन्ही टोंकांस पाणी स्थिर झालें म्हणजे तें एकाच पातळीस असतें. तेथें खुणा कराव्या व प्रत्येक खुणेपासून जमिनीपर्यंतचें अंतर मोजावें. खुंटीकडील अंतर जितकें अधिक, तितका ढाळ बाहेर आहे असें समजावें. कमी भरल्यास पाणी घराकडे येतें हें निश्चित. या एका नळीनें अंगण, मोरी व पाट या सर्वांची पातळी काढतां येते.

दुसरें काम : शोषखड्डा. न्हाणीचें व भांडीं घांसण्याचें पाणी जिरविण्यासाठीं लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी सुमारें ३ फूट असा खड्डा घ्यावा. तो विहिरीपासून ५० फूट व भिंतीपासून निदान १० फूट दूर असावा. तळाशीं मोठे दगड किंवा विटांचे रोडे, त्यावर मुठीएवढे, त्यावर सुपारीएवढे खडे भरावे. माथ्यावर, बुडास भोंकें पाडलेलें मडकें बसवून त्यांत काथ्या किंवा पेंढा घालावा. सांडपाणी या मडक्यांतच सोडावें, म्हणजे तेलकटपणा व खरकटें तेथें अडकतें. पेंढा आठवड्यास बदलावा व जुना उकिरड्यांत टाकावा. खड्डा वरून झांकावा. उघडें पाणी न राहिल्यास डांसांची पैदास थांबते. नांदेड जिल्ह्यांत हिमायतनगर तालुक्यांतील टेंभुर्णी गांवानें घरोघर असे खड्डे केले आणि डांसमुक्त गांव म्हणून नांव मिळविलें. शौचालयाचें पाणी मात्र या खड्ड्यांत कधींही सोडूं नये.

खड्डा खणण्यापूर्वीं जमिनीची परीक्षा करावी. एक फूट खोलीची खळगी करून पाण्यानें भरावी, जिरल्यावर पुन्हां भरावी. दुसऱ्या वेळचें पाणी कांहीं तासांत जिरल्यास शोषखड्डा चालेल. रात्रभर तसेंच राहिल्यास चालणार नाहीं. भारी काळ्या जमिनींत व जेथें पाण्याची पातळी वर आहे तेथें हा खड्डा लौकर तुंबतो. खाडीलगतच्या सखल जागीं असा खड्डा काय उपयोगाचा? तेथें बांधीव गटारेंच हवींत. म्हणून परीक्षेवांचून अनुकरण करूं नये. काळ्या जमिनीच्या गांवीं तेंच पाणी पाटानें परसांत न्यावें व केळी, अळू, कर्दळ यांस द्यावें.

तिसरें काम : छपराचें पाणी. पन्हळीचे सांधे पावसाळ्यापूर्वीं तपासावे व तिला एकाच दिशेस उतार आहे ना, हें तांब्याभर पाणी ओतून पाहावें. पन्हळीचें पाणी वळचणीखालीं न सोडतां नळानें दूर न्यावें किंवा पिंपांत सांठवावें. जेथें वर्षास ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथें ४० चौरस मीटरांच्या छपरावरून पांचवा हिस्सा वायां गेला असें धरलें, तरी १६,००० लिटर पाणी मिळूं शकतें. पहिल्या सरींचें पाणी धूळ व पांखरांची घाण घेऊन येतें, तें वाहूं द्यावें. मग दगड, खडी व वाळू यांच्या थरांतून गाळून सांठवावें. हें पाणी गुरांस, भाजीस व धुण्यास उत्तम. पिण्यास घ्यावयाचें झाल्यास उकळूनच घ्यावें.

चौथें काम : चुन्याची सफेदी. कळीचा चुना ५ किलो व पाणी २५ लिटर घ्यावें. लोखंडी पिंपांत आधीं पाणी घालून त्यांत चुना थोडा थोडा सोडावा. चुन्यावर एकदम पाणी ओतूं नये. चुना विरतांना पाणी उकळतें व शिंतोडे उडतात. एक शिंतोडा डोळ्यांत गेला तर दृष्टि जाण्याचें भय असतें. म्हणून डोळ्यांस चष्मा लावावा, हातांस कापड गुंडाळावें व मुलांस दूर ठेवावें. चोवीस तास ठेवून जाड फडक्यानें गाळावा व त्यांत १०० ग्राम डिंक गरम पाण्यांत विरवून मिसळावा. भिंत घांसून, ओली करून, पातळ हात द्यावे. नव्या भिंतीस तीन हात लागतात, जुनीस बहुधा एक पुरतो. हीच सफेदी पक्क्या छतावर दिली तर उन्हाळ्यांत छत कमी तापतें.

येथें आमची स्वतःची चूक सांगणें उचित होईल. एका वर्षीं पाहुणे यावयाचे म्हणून आम्हीं पन्हळ तशीच गळती ठेवून आधीं भिंतींस सफेदी दिली. चार दिवस घर उजळून निघालें. श्रावणांत त्याच भिंतीवर पोपडे आले व चुना हाताला लागूं लागला. दुसऱ्या वर्षीं पन्हळ नीट केली, भिंत पुरी वाळूं दिली, मग चुना लावला, तो टिकला. सामान तेंच होतें, हातही तेच होते. क्रम मात्र बदलला होता.

आतां स्वहस्तें काय करूं नये, तेंही सांगितलें पाहिजे. विजेच्या तारा व अर्थिंग यांस परवानाधारक वायरमनखेरीज कोणीं हात लावूं नये. भार घेणारी भिंत फोडणें, जुन्या घरावर मजला चढविणें किंवा छतावर पाण्याची मोठी टांकी ठेवणें, हीं कामें जाणत्यास विचारल्यावांचून करूं नयेत. एक घनमीटर पाण्याचें वजन एक हजार किलो होतें, हें ध्यानांत असावें. सिमेंटचे जुने पत्रे करवतीनें कापूं नयेत. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असल्यास त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. छातीहून खोल खड्डा भुसभुशीत जमिनींत एकट्यानें खणूं नये. येथें वांचविलेले चार पैसे एखाद्या दिवशीं घरच्या माणसाच्या जिवावर बेततात.

वरील चार कामांस लागणारें बहुतेक साहित्य, म्हणजे मुरूम, दगड, मडकें, पेंढा, हें गांवांतच मिळतें. विकत घ्यावयाचें तें नळी, चुना व डिंक. हीं कामें एकाच वर्षीं उरकण्याचीही गरज नाहीं. यंदा ढाळ, पुढील वर्षीं खड्डा, असें केलें तरी चालेल. चारकोपचीं घरें एका वर्षांत उभीं राहिलीं नाहींत. मात्र क्रम मोडूं नये. आणि एक करावें : शेजारच्या चार-पांच घरांनीं मिळून पाण्याची वाट काढावी. आपण ढाळ दिला व पाणी शेजाऱ्याच्या जोत्यांत सोडलें, तर दोष मिटला असें होत नाहीं. तो केवळ कुंपणापलीकडे गेला. चारकोपांत सामाईक अंगण व सहकारी संस्था यांची जोड होती. आपल्याकडे गल्ली व आळी आहेच.

वाचकांनीं हा लेख वाचून झाल्यावर आज सायंकाळीं एक तांब्या पाणी घेऊन घराच्या मागील दारीं जावें, जोत्याजवळ ओतावें, आणि तें कोणीकडे जातें तें पाहावें. यंदा घरावरील पहिला खर्च कोठें करावयाचा, याचें उत्तर त्यांस तेथेंच मिळेल. ज्यांनीं वरील कामांपैकीं एखादें करून पाहिलें असेल, त्यांनीं आपला अनुभव व विशेषतः आपल्या जमिनीचा प्रकार आम्हांस कळविल्यास इतर बंधूंस त्याचा उपयोग होईल.