काळा विघटनशील आच्छादन-कागद

धाराशिव जिल्ह्याचा बराचसा भाग अवर्षणप्रवण आहे. तेथे ओल टिकविण्यास आच्छादन-कागद उपयोगी पडतो. परंतु पॉलिथिनचे तुकडे वर्षानुवर्षे कुजत नाहीत. पिष्ट व विघटनशील पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाचा कागद मात्र मातीतील सूक्ष्म जीव हळूहळू पचवितात.

असा कागद मुळात पांढुरका असतो. त्यातून प्रकाश आत शिरून तण वाढते. यास्तव त्यात काजळीचे अतिसूक्ष्म कण, साधारणतः शेकडा 2 ते 3 भाग, मिसळतात. ते प्रकाश शोषून घेतात. त्यामुळे तण अंधारात खुरटते व अतिनील किरणांपासून कागदाचेही रक्षण होते. काजळी असमान मिसळल्यास प्रकाश झिरपतो. लव्हाळा मात्र कागद भेदून वर येतो. तो आधीच खणून काढावा. काळा कागद उन्हाने तापतो, हे उन्हाळी रोपे लावताना ध्यानी घ्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कागद उजेडापुढे धरून त्याची पारख शेतकऱ्यांस दाखवावी. सन 2018 च्या युरोपीय मानकानुसार प्रयोगशाळेतील मातीत दोन वर्षांत त्याचे शेकडा 90 भाग विघटन व्हावे लागते. असे प्रमाणपत्र असल्याखेरीज कोणताही कागद नांगरून गाडू नये. पॉलिथिन पीक निघताच वेचून शेताबाहेर न्यावे.