हंगामी कमाई, बारमाही हप्ता

गृहकर्जाचा हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कापला जातो. लग्नाचे फोटो काढणारा, मंडपवाला, केटरर, बँडवाला, मेंदी-मेकअप करणाऱ्या ताई यांची कमाई मात्र पंचांगावर चालते. तुळशीच्या लग्नानंतर तारखा भरू लागतात, पौषात काम मंदावतं, माघ-फाल्गुनात पुन्हा धावपळ, वैशाखात जेवायला फुरसत नाही आणि आषाढी एकादशी झाली की चार महिने जवळपास रिकामे. त्यात दर ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो. २०२३चा अधिक श्रावण चातुर्मासातच गेला, त्यामुळे तो जाणवला नाही. २०२६चा अधिक ज्येष्ठ मात्र १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन हंगामात. अशा घरांना पगारदाराचे नियम लावून चालत नाही. म्हणून हा हिशेब वेगळा मांडला आहे. द्राक्ष बागायतदार, नाट्यकलावंत, कमिशनवर काम करणारे यांनी महिन्यांची नावं बदलून तोच वापरावा.

उदाहरणाला पिंपरी-चिंचवडमधला एक लग्नाचा फोटोग्राफर घेऊ. ३० लाखांचं गृहकर्ज, व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट उघडून बघा: २६,०३५ पैकी २१,२५० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल कमी होतं अवघं ४,७८५. वीस वर्षांत एकूण व्याज ३२ लाख ४८ हजार. हेच कर्ज १५ वर्षांत फेडायचं ठरवलं तर हप्ता २९,५४२ आणि व्याज २३ लाख १८ हजार. नऊ लाखांहून जास्त वाचतात म्हटल्यावर बहुतेक जण पंधरा वर्षं निवडतात. पगार असेल तर ते बरोबरही आहे.

हंगामी कमाईवाल्याला माझं सांगणं उलट आहे. मुदत लांब घ्या, बांधलेला हप्ता लहान ठेवा आणि हंगाम संपला की मुद्दलात वरचे पैसे भरा. वीस वर्षांच्या कर्जात दर वर्षाअखेर ५० हजार रुपये जादा भरले, तर दर तोच राहिला असं धरून, कर्ज १४ वर्षं ८ महिन्यांत संपतं आणि व्याज साडेबावीस लाखांच्या आसपास जातं. म्हणजे पंधरा वर्षांच्या कर्जापेक्षाही थोडं कमीच. वर्षाला एक लाख भरता आले तर ११ वर्षं ९ महिन्यांत घर मोकळं होतं, आणि मूळ ३२ लाख ४८ हजारांच्या व्याजातले जवळजवळ १४ लाख ८० हजार वाचतात. पन्नास हजारांच्या हिशेबात पैसे साधारण पंधरा वर्षांच्या कर्जाइतकेच गेले, पण भाद्रपदात २९,५४२ उभे करण्याची सक्ती नव्हती. एखाद्या वर्षी अधिक मासाने हंगाम खाल्ला तर त्या वर्षी जादा भरणा करू नका, बँक विचारायला येत नाही.

यासाठी दंड पडेल अशी भीती बऱ्याच जणांना असते. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँकेला शुल्क घेता येत नाही; रिझर्व्ह बँकेने ते २०१२ मध्येच बंद केलं. कॅमेऱ्यासाठी घेतलेलं पर्सनल लोन बहुधा फिक्स्ड दराचं असतं, तिथे शुल्क लागू शकतं. ते मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं, भरण्याआधी वाचा.

एक चूक शाखेत सर्रास होते. कर्जखात्यात जास्तीचे पैसे टाकले की कधीकधी ते पुढच्या महिन्यांचे आगाऊ हप्ते म्हणून धरले जातात आणि अपेक्षेइतकं व्याज वाचत नाही. भरताना लेखी द्या: ही रक्कम मुद्दलात जमा करावी. मग विचारतील, हप्ता कमी करू की मुदत? सर्वसाधारण सल्ला मुदत कमी करण्याचा आहे, आणि हप्ता रिकाम्या महिन्यांत सहज निघत असेल तर तोच घ्या. पण निघत नसेल तर बिनदिक्कत हप्ता कमी करून घ्या आणि वाचलेली रक्कम हंगामात स्वतःहून मुद्दलात भरत राहा. शिस्त ठेवली तर व्याजाचा हिशेब जवळपास सारखाच राहतो आणि सक्तीचा आकडा खाली येतो.

किती हप्ता झेपेल

सरासरी काढू नका. गेल्या तीन वर्षांची बँक स्टेटमेंट्स काढा आणि त्यातलं सगळ्यात वाईट वर्ष घ्या. आपल्या फोटोग्राफरला त्या वर्षी १४ लाख ४० हजार मिळाले असं समजू. सहायक, एडिटिंग, अल्बम छपाई, ड्रोनचं भाडं, प्रवास यात ५ लाख ४० हजार गेले. उरले ९ लाख, म्हणजे महिन्याला ७५ हजार. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून याच्या तिसऱ्या हिश्शाइतके, फार तर थोडे वर, असावेत. २६,०३५चा गृहकर्जाचा हप्ता इथे जेमतेम बसतो. त्यावर नवीन लेन्सचा आठ हजारांचा हप्ता चढवला की बसत नाही.

मग स्वतःला पगार द्या. धंद्याचं खातं वेगळं, घरचं वेगळं. ग्राहकाचे सगळे पैसे धंद्याच्या खात्यात, आणि पहिल्या तारखेला तिथून घरखात्यात ठरावीक रक्कम. वैशाखात खात्यात तीन लाख दिसले तरी घरी तेवढीच जाणार. हे नवऱ्या-बायकोने मिळून ठरवावं, नाहीतर एकाची शिस्त दुसऱ्याच्या खरेदीत जाते.

धंद्याच्या खात्यातलं सगळं आपलं नसतं. श्रावणात घेतलेला मार्गशीर्षातल्या लग्नाचा अॅडव्हान्स काम होईपर्यंत आपला नाही. लग्न मोडलं किंवा पुढे गेलं तर त्यातला भाग परत करावा लागतो. तो मुद्दलात भरून टाकला तर परत द्यायला क्रेडिट कार्ड काढावं लागेल. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की घेतलेला जीएसटीही आपला नाही. आणि प्राप्तिकर: वर्षाचा कर दहा हजारांच्या वर असेल तर अग्रिम कर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला भरायचा असतो. चुकला तर महिन्याला एक टक्का व्याज, म्हणजे वर्षाला बारा. साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडण्यासाठी बारा टक्क्यांचं देणं उभं करू नका. कराचे पैसे आधी बाजूला काढा.

सहा हप्त्यांची गंगाजळी

जादा भरणा सुरू करण्याआधी सहा हप्ते हाताशी हवेत: २६,०३५ गुणिले सहा, म्हणजे १,५६,२१०. हप्ता ज्या खात्यातून कापला जातो त्याच खात्याला जोडलेल्या स्वीप ठेवीत ते ठेवा. शिल्लक कमी पडली तर ठेव आपोआप मोडून हप्ता जातो. ठेवीवर सहा-सव्वासहा टक्के मिळतील आणि कर्जावर साडेआठ द्याल. हा फरक वर्षाला साधारण साडेतीन हजार रुपये पडतो. ही गंगाजळीची किंमत, आणि ती मोजण्यासारखी आहे.

कारण एक हप्ता परत गेला तर ज्या बँकेत खातं आहे ती शुल्क लावते, कर्ज देणारी संस्था वेगळं लावते, वर जीएसटी. दोन्हीकडचं मिळून एका वेळेला पाचशेपासून हजारापुढेही जाऊ शकतं. उशिराचा दंड वेगळा. मात्र १ एप्रिल २०२४ पासून तो शुल्क म्हणूनच लावता येतो, व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्यावर व्याजही चढवता येत नाही. स्टेटमेंटमध्ये तसं दिसलं तर तक्रार करा. शिवाय हप्ता चुकल्याची नोंद सिबिलच्या पतअहवालात तीन वर्षं दिसते. बिनपगारी माणसाकडे दाखवायला पगारपत्रक नसतं. प्राप्तिकराची विवरणपत्रं आणि हा इतिहास एवढंच त्याचं भांडवल.

रोज कमावणाऱ्यांना पिग्मी सोयीची वाटते, कारण एजंट दारात येतो. जरूर करा, पण बँकेची. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवींना ते संरक्षण नाही.

आणखी एक पर्याय म्हणजे ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज. स्टेट बँकेचं मॅक्सगेन हे त्यातलं माहितीतलं नाव. हंगामातले पैसे कर्जखात्यातच ठेवायचे. तेवढ्या रकमेवर व्याज पडत नाही आणि लागले तर काढता येतात. हंगामी कमाईला हे फार चांगलं जुळतं. दर साध्या कर्जापेक्षा थोडा जास्त असतो, त्यामुळे वर्षभर लाख-दोन लाख तरी तिथे पडून राहणार असतील तरच घ्या. आणि पैसे दिसले की काढण्याची सवय असेल तर घेऊच नका.

आधी कोणतं फेडायचं

क्रेडिट कार्ड. यावर दुमत नाही. ६० हजारांची बाकी पुढे ढकलली आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के असलं तर २,१०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, मिळून महिन्याला २,४७८. गृहकर्जातल्या ६० हजारांवर महिन्याला व्याज ४२५. किमान रक्कम भरल्याने उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही. उलट बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

खासगी देणं असेल तर ते याच पंक्तीत. शेकडा तीन म्हटलं की छोटं वाटतं, पण ते महिन्याचं असतं: वर्षाला ३६ टक्के. शेकडा पाच म्हणजे ६०. महाराष्ट्रात २०१४च्या कायद्यानुसार सावकाराकडे परवाना असावा लागतो. नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे, सहकार खात्यात, तक्रार करता येते. कार्ड किंवा सावकारी देणं फेडायला बँकेचं सोनेतारण कर्ज घेणं हा शहाणपणाचा मार्ग आहे, फक्त सोडवण्याची तारीख हंगामात पडेल असं बघा. त्यानंतर पर्सनल लोन, मग वाहन, आणि शेवटी गृहकर्ज. घर हे सगळ्यात मोठं देणं असल्याने मन तिकडेच ओढतं, पण सगळ्यात स्वस्त देणंही तेच आहे.

कर्ज घेतानाच कर्जात मिसळून दिला जाणारा एकरकमी विमा जपून बघा. ९० हजारांचा विम्याचा हप्ता कर्जात मिसळला की तो २० वर्षांत १ लाख ८७ हजारांना पडतो. कर्जासोबत आयुर्विमा घेण्याची कायद्याने सक्ती नाही. नोकरी नसलेल्याला कंपनीचं संरक्षण नसतं, म्हणून टर्म विमा हवाच, पण तो वेगळा, स्वतःच्या नावाने घ्या.

दरावरही लक्ष ठेवा. २०२५च्या सुरुवातीला ६.५० टक्के असलेला रेपो दर डिसेंबरअखेर ५.२५ वर आला. ऑक्टोबर २०१९ नंतरची बँकांची फ्लोटिंग गृहकर्जं अशा बाह्य दराला जोडलेली असल्याने त्यांना हा फायदा लवकर मिळतो. बँकेच्या स्वतःच्या एमसीएलआर दराला जोडलेलं जुनं कर्ज असेल किंवा नव्या ग्राहकाला तुमच्यापेक्षा कमी दर दिला जात असेल, तर शाखेत दर बदलून मागा. शुल्क लागेल, पण २८ लाखांच्या बाकीवर अर्धा टक्का कमी झाला तर पहिल्याच वर्षी सुमारे १४ हजार वाचतात. दुसऱ्या बँकेत कर्ज हलवताना मात्र प्रोसेसिंग फी, वकील-मूल्यांकनाचा खर्च आणि मुद्रांक शुल्क पुन्हा लागतं. ते सगळं मांडूनच ठरवा.

हप्ता चुकणार असं दिसलं तर

तारखेच्या आधी शाखेत जा. हप्त्याची तारीख बदलून मिळते का, मुदत वाढवून हप्ता कमी होतो का, हे लेखी विचारा. नव्वद दिवसांहून जास्त थकलं की खातं एनपीए होतं आणि सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. त्याआधी बोलणाऱ्याला वाव असतो. ईसीएस किंवा नॅचने खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैसे नाहीत म्हणून परत जाणं हा धनादेश न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो, म्हणून खातं मोकळं ठेवून गप्प बसू नका. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा नियम आहे. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं.

कर्ज फिटलं की त्याच दिवशी देणं नसल्याचा दाखला मागा. मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद घेताना कर्ज घेतेवेळी मिळालेल्या यादीशी एकेक ताडून बघा, दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदीवरचा बोजा उतरवून घ्या, आणि दीड-दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून खातं बंद दिसतंय ना ते बघा.