बिनतारी लहरींची वाटणी

बिनतारी लहरी डोळ्यांस दिसत नाहीत, हातांस लागत नाहीत. अशा वस्तूवर सरकारने निर्बंध तरी का घालावा, अशी शंका विद्यार्थ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे निरसन आम्ही आपल्या हैदराबादेशी निगडित अशा एका उदाहरणाने करू इच्छितो.

लहर दर सेकंदास जितकी आंदोलने करते, त्या संख्येस तिची वारंवारता म्हणतात. एकाच प्रदेशात दोन प्रक्षेपक एकाच वारंवारतेवर चालू झाले, तर ऐकणाऱ्यास एकाचेही बोलणे धड उमगत नाही. म्हणून वारंवारतांचे पट्टे पाडून ते वाटून द्यावे लागतात. लहरी देशांच्या सीमा मानीत नाहीत; यास्तव जगाची वाटणी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात ठरते. भारतात १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणे हा अपराध ठरविला. एके काळी घरच्या रेडिओलाही परवाना लागे! पुढे बंधने सैल झाली. २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अल्प शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला; घरोघरीचे वायफाय त्यावर चालते.

काही पट्टे हौशी लोकांसाठी राखून ठेवलेले आहेत. परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविणाऱ्यास त्यांवर बोलता येते. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थीही त्यास पात्र असतो. या छंदाच्या प्रसारार्थ १९८३ साली हैदराबादेत राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था स्थापन झाली. अंदमान बेटांवरून असे प्रक्षेपण करण्यास अनेक वर्षे अनुमती मिळत नव्हती. ती अखेर मिळाली आणि डिसेंबर २००४ मध्ये श्रीमती भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेचे पथक पोर्ट ब्लेअरला पोहोचले. त्याच महिन्याच्या २६ तारखेस भूकंप होऊन त्सुनामी लाटा उसळल्या. दूरध्वनी बंद पडले. तेव्हा छंदासाठी नेलेली यंत्रे या मंडळींनी मदतकार्यास जुंपली आणि बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवरील व्याकूळ आप्तांना कळविली.

पट्टा राखीव होता, म्हणून तो आवाज गोंगाटात हरवला नाही. परंतु अनुमती आणखी महिनाभर लांबली असती, तर तो आवाज उमटलाच नसता, हेही विसरता कामा नये. नियम हवेतच, मात्र नियमन करणाऱ्यास नकार कोठे द्यावा याबरोबरच होकार केव्हा द्यावा, हेही कळले पाहिजे, असे आम्हांस वाटते.