शहरातील मंडई व बेकरी : शोधावी कशी, पाहावी कशी

खानदेशातून मुंबईस किंवा सुरतेस जाणाऱ्यांची संख्या लहान नाही. कोणी दवाखान्यासाठी जातो, कोणी लग्नकार्यासाठी, तर कोणी नोकरीनिमित्त तेथे राहणाऱ्या मुलाकडे. काम आटोपले की समुद्र पाहिला जातो, घरच्यांसाठी खाऊ घेतला जातो आणि रात्रीच्या गाडीने परतीचा प्रवास सुरू होतो. परंतु रावेर-यावलची केळी, दोंडाईच्याची मिरची, साक्रीकडील कांदा आणि जळगावचे भरताचे वांगे ज्या शहरी बाजारांसाठी पाठविले जाते, ते बाजार पाहावयाचे बहुधा राहूनच जातात. ज्याने माल पिकविला त्याने तो गिऱ्हाइकाच्या हाती पडताना एकदाही पाहू नये, ही गोष्ट तोट्याची आहे. शहरातील चांगली मंडई व चांगली बेकरी कशी शोधावी आणि तेथे काय पाहून यावे, याची माहिती या पाठात दिली आहे.

कोठे जावे

जळगावहून मुंबई लोहमार्गाने सुमारे ४२० किलोमीटर आहे. धुळ्याहून चाळीसगावमार्गे तेथे जाता येते. सुरतेस जाण्यास तापी खोऱ्यातील अमळनेर-नंदुरबार हा लोहमार्ग व धुळ्याहून जाणारा महामार्ग असे दोन्ही सोयीचे आहेत.

मुंबईचा घाऊक बाजार शहरात राहिलेला नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. १८६९ साली बांधून झालेली क्रॉफर्ड मार्केट ही इमारत, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, ही दीर्घकाळ फळांची मुख्य घाऊक पेठ होती. मार्च १९९६ मध्ये घाऊक व्यापार नवी मुंबईत गेला. वाशीजवळ तुर्भे येथील मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाले व धान्य असे निरनिराळे बाजार आहेत. फुले मंडईत आता किरकोळ विक्री प्रामुख्याने होते. तरीही ती अवश्य पाहावी. तिच्या प्रवेशद्वारावरील शिल्पपट्ट लॉकवुड किपलिंग या कलाशिक्षकाने तयार केले असून त्यांत भारतीय शेतकरी कोरलेले आहेत. बाजाराचा मूळ धनी कोण, हे त्या दगडावर दीडशे वर्षांपासून दिसत आहे.

किरकोळ बाजारांपैकी दादर स्थानकाजवळील भाजी व फुलांचा बाजार पहाटे पाहण्यासारखा असतो. माटुंग्याच्या बाजारात दाक्षिणात्य कुटुंबांसाठी केळीची पाने आणि केरळी जातींची केळी येतात. आपल्याकडे बांधावर वाळणाऱ्या पानालाही शहरात गिऱ्हाईक असते, हे तेथे समजते. लालबागच्या मिरची गल्लीत उन्हाळ्यात गृहिणी मिरची निवडून घेतात व वर्षाचा मसाला कुटून नेतात. मिरचीचा रंग, तिखटपणा व देठ यांविषयी त्या काय विचारतात, हे दोंडाईच्या भागातील शेतकऱ्याने तेथे थोडा वेळ उभे राहून ऐकावे.

चांगली मंडई ओळखण्याच्या खुणा

अनोळखी शहरात गेल्यावर पुढील खुणा उपयोगी पडतात.

१. खाणावळवाले, हॉटेलवाले व हातगाडीवाले जेथे माल भरतात तो बाजार पाहावा. ज्याला तोच माल पुन्हा विकावयाचा असतो, तो महाग किंवा शिळा माल सहसा घेत नाही.

२. एकाच जिनसाची अनेक दुकाने शेजारी शेजारी असतील तेथे भाव व प्रत यांची तुलना सहज होते.

३. दुकानापुढे रिकामे क्रेट व खोकी साचत असतील तर माल लवकर खपतो असे समजावे.

४. हमाल, चहावाला व फेरीवाला या तिघांना विचारावे. कोणत्या गाळ्यावर कसला माल येतो व गर्दी केव्हा ओसरते, हे त्यांना ठाऊक असते.

घाऊक बाजार पहाटे, तर किरकोळ बाजार सकाळी उशिरा पाहावा. लिलाव किंवा चढउतार चालू असताना प्रश्न विचारू नयेत. हमालांच्या वाटेत उभे राहू नये. रचलेल्या फळांना बोटे लावू नयेत. आधी थोडी खरेदी करावी, मग गर्दी ओसरल्यावर चौकशी करावी. विकत घेणाऱ्याला दुकानदार दोन शब्द अधिक सांगतो.

टाकलेला ढीग पाहावा

सजविलेल्या दुकानाइतकाच दुकानामागे टाकलेला माल शिकवतो. केळी उत्पादकास तर त्यावाचून आपल्या चुका समजणेच कठीण आहे. हिरव्या केळीला कापणीच्या वेळी किंवा गाडीत बसलेला मार हिरवेपणी फारसा दिसत नाही. केळी वखारीत पिकून पिवळी झाल्यावर तोच मार काळा डाग होऊन वर येतो. शेतातून माल जाताना तो निर्दोष वाटतो. म्हणून डागाचा दोष व्यापाऱ्यावर, वाहनचालकावर किंवा नशिबावर टाकला जातो.

यासाठी हिरवी केळी कोठे पिकविली जातात याची चौकशी करावी आणि परवानगी मिळाल्यास ती वखार पाहावी. सुधारलेल्या पद्धतीत बंद खोलीत सुमारे १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमानात इथिलीन वायूने केळी पिकवितात. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. हिरवी केळी १३ अंशांपेक्षा कमी तापमानात फार वेळ राहिल्यास साल काळवंडते व फळ नीट पिकत नाही.

घासल्याची खूण, दाबल्याची खूण व चिकाचा डाग हे तीन प्रकार टाकलेल्या ढिगात वेगवेगळे ओळखावेत. घासल्याची खूण बहुधा गाडीतील हालचालीने, दाबल्याची खूण घडांच्या थरामुळे आणि चिकाचा डाग फण्या न धुतल्यामुळे पडतो. उपायही त्यानुसार निराळे आहेत. घड जमिनीवर न ठेवता मऊ अंथरुणावर ठेवावा, फण्या काढून धुवाव्यात व खोक्यात भरताना मध्ये कागद किंवा फोम घालावा.

डझनाचा हिशेब

शेतकरी केळी क्विंटलने विकतो व शहरी गिऱ्हाईक ती डझनाने घेते. दोन भावांची तुलना करण्यासाठी बाजारात एक डझन केळी घेऊन त्यांचे वजन करावे. समजा, डझनाचे वजन १ किलो ६०० ग्रॅम व किंमत ५६ रुपये आहे. म्हणजे किलोचा भाव ३५ रुपये पडला. त्याच मालाला शेतावर क्विंटलला १,६०० रुपये, म्हणजे किलोस १६ रुपये मिळाले असतील, तर मधला फरक १९ रुपयांचा होतो.

हा सर्व फरक नफा नव्हे. कापणी, हमाली, वाहतूक, वखारीचा खर्च, वजनातील घट, दुकानाचे भाडे व विक्रेत्याची मजुरी हे सारे त्यातून भागते. परंतु त्यात नासधूसही असते. १०० किलोपैकी १० किलो केळी टाकावी लागली, तर ३५ रुपये दराने ३५० रुपये कचऱ्यात गेले. ही रक्कम शेतकऱ्याला मिळत नाही, व्यापाऱ्यालाही मिळत नाही. नासधूस निम्म्यावर आली तर १०० क्विंटलच्या मालावर १७,५०० रुपये वाचतील.

ही बचत आपोआप शेतकऱ्याच्या पदरात पडेल, असे मात्र नाही. चांगला व डागाळलेला माल एकाच ढिगात मिसळला, तर भावही एकच मिळतो. गटाने प्रतवारी करून खोक्यांवर गटाचे नाव घातले, तरच कोणाचा माल कमी नासतो हे खरेदीदारास कळते आणि भावाची बोलणी करण्यास आधार मिळतो. जळगावच्या केळीस व भरताच्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा लाभ घ्यावयाचा तर नोंदणीकृत वापरकर्ता होऊन प्रत्येक खोक्यावर ते चिन्ह लावावे लागेल. शहरी दुकानात जांभळी व आपल्याकडील फिकट हिरवी वांगी शेजारी असली, तर दुकानदार कोणते नाव सांगून ती विकतो, हेही पाहून यावे.

चांगली बेकरी कशी ओळखावी

पाव हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. मुंबईत पावाच्या धंद्यात गोवेकरांप्रमाणेच इराणातील यझ्द व केरमान या भागांतून आलेल्या झरथुष्ट्री लोकांनीही नाव मिळविले. धोबी तलाव येथे १९०४ साली सुरू झालेले कयानी अँड कंपनी हे त्या परंपरेतील उपाहारगृह फुले मंडईपासून चालत जाण्याइतके जवळ आहे. कडक कवचाचा ब्रून पाव, मस्का-पाव व मावा केक ही या परंपरेची ओळख होय. सुरतेत दोटीवाला घराण्याची बेकरी १८६१ पासूनची सांगितली जाते. डचांच्या भट्टीचा वारसा व नानखटाई यांसाठी ती प्रसिद्ध आहे.

नाव ठाऊक नसलेल्या गावीही चांगली बेकरी शोधता येते. भट्टीतून माल केव्हा निघतो, हे प्रथम विचारावे. नेमकी वेळ सांगणारा दुकानदार बहुधा ताजा माल विकतो. वडापाववाले लादी कोठून नेतात ते पाहावे. चांगला पाव दाबून सोडला की पुन्हा फुगतो, त्यास आंबूस उग्र वास येत नाही आणि आतील जाळी सारखी असते. खारी व नानखटाई यांचा वास घ्यावा; तूप किंवा वनस्पती जुनी असल्यास खवटपणा लपत नाही. बंद पुड्यावर घटकपदार्थ, तारीख, वजन व अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक वाचावा.

जुन्या लाकडाच्या भट्ट्या पाहण्याची इच्छा अनेकांना असते. परंतु हवेच्या प्रदूषणामुळे जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. गावी नवी बेकरी काढू इच्छिणाऱ्या गटाने इंधनाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आपले धान्य व भट्टी

पाव फुगतो तो पिठातील ग्लुटेन या चिवट प्रथिनामुळे. पावास बळकट ग्लुटेनचे पीठ लागते, बिस्किटास सौम्य ग्लुटेनचे चालते. बन्सी गहू रवा व शेवयांस उत्तम. मऊ पावास तो तितकासा योग्य नाही. म्हणून बेकरीवाला मैदा घेताना काय पाहतो, हे गहू पिकविणाऱ्याने विचारून घ्यावे.

तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत ओलीवर येणाऱ्या आपल्या दादर ज्वारीत ग्लुटेन नाही. त्यामुळे नुसत्या दादरीचा पाव फुगत नाही. बिस्किटे व नानखटाई मात्र चांगली होतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले; शहरी दुकानांत ज्वारी-नाचणीची बिस्किटे दिसतात. असा एक पुडा विकत आणावा. त्यात ज्वारी खरोखर किती आहे ते घटकांच्या यादीत वाचावे आणि त्याचा किलोचा भाव दादरीच्या भावाशी ताडून पाहावा.

प्रयोगास मोठे भांडवल लागत नाही. दिवाळीत घरचे पीठ, तूप व साखर बेकरीत नेऊन नानखटाई भाजून आणण्याची रीत आपल्या गावांना परिचित आहे. बचत गटातील भगिनींनी त्याच रीतीने निम्मे दादरीचे पीठ व निम्मा मैदा घेऊन एक घाणा भाजून पाहावा, खर्च लिहून ठेवावा आणि चार घरी चव विचारावी. विक्रीचा विचार त्यानंतर करावा. विक्रीपूर्वी अन्न सुरक्षा विभागाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे.

परतल्यावर

पाहिलेले त्याच दिवशी वहीत उतरवावे : बाजाराचे नाव, तारीख, जिन्नस, प्रत, वजन, भाव, वेष्टन आणि टाकलेल्या मालाची कारणे. एका दिवसाच्या भावावरून पिकाचा निर्णय करू नये. निरनिराळ्या हंगामांतील नोंदी हव्यात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी एक सामायिक वही ग्रामपंचायतीत किंवा गटाकडे ठेवावी. दरमहा कोणी ना कोणी शहरात जातच असतो. जाणाऱ्याने निघताना वही वाचावी व परतल्यावर तीत भर घालावी, म्हणजे एकाचा प्रवासखर्च साऱ्या गावाच्या उपयोगी पडेल.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावचा कोणता माल शहरी बाजारात जातो? तो विकला जाताना गावातील किती जणांनी पाहिला आहे?

२. हिरव्या केळीवरील मार शेतात का दिसत नाही? आपल्याकडे तो कापणीच्या कोणत्या टप्प्यावर बसतो?

३. एक डझन केळींचे वजन करून किलोचा भाव काढा व शेतावरील भावाशी तुलना करा. मधल्या फरकातील कोणता खर्च गटाला कमी करता येईल?

४. जवळच्या बेकरीत दादरीच्या पिठाची नानखटाई भाजून घेतल्यास एका किलोस किती खर्च येईल?