'नॉन' लागला की अर्थ फिरतो



तणनाशकाचा डबा असो, बँकेची नोटीस असो की रसाचा तपासणी अहवाल, इंग्रजी शब्द आता आपल्या घरात आलाच आहे. त्यातला 'नॉन' ओळखता आला तर पुष्कळ नुकसान टळते.

'नॉन' म्हणजे 'नाही'. मराठीत आपण बिन, बिगर किंवा अ लावतो, तसाच हा. पण काय नाही, ते पुढचा शब्द सांगतो. म्हणून आधी 'नॉन'वर बोट ठेवून तो झाकावा, उरलेल्या शब्दाचा अर्थ लावावा आणि मग त्याला 'नाही' जोडावे.

१) नॉन-मेंबर : मेंबर म्हणजे सभासद. नॉन-मेंबर म्हणजे बिगर सभासद.

२) नॉन-रिफंडेबल : रिफंड म्हणजे परतावा. ही रक्कम बिनपरतीची, एकदा दिली की परत मिळत नाही. सही करण्यापूर्वी हा शब्द बघावा.

३) नॉन-शुगर : रसातील साखरेखेरीज इतर विरघळलेले पदार्थ. रसाचा ब्रिक्स २० व पोल १७ आला, तर ३ नॉन-शुगर आणि शुद्धता ८५ टक्के. तोडलेला ऊस फडात वाळत पडला की साखर घटते, शुद्धता उतरते. म्हणून तोड झाली की गाडी लवकर भरावी.

४) नॉन-ॲग्रिकल्चरल, म्हणजेच एन.ए. : बिनशेती. शेतीखेरीज दुसऱ्या वापराची जमीन.

५) नॉन-परफॉर्मिंग, म्हणजेच एन.पी.ए. : ठरलेल्या मुदतीपलीकडे थकलेले कर्जखाते. काहीजण समजतात, खाते बंद झाले, सुटलो. तसे मुळीच नाही. कर्ज अंगावर राहतेच, वर नवे कर्ज मिळणे अवघड होते.

६) नॉन-सिलेक्टिव : हा सर्वांत जपण्याचा शब्द. सिलेक्टिव म्हणजे निवडक. २,४-डी हे निवडक तणनाशक आहे. ते रुंद पानांचे तण मारते, शिफारशीच्या मात्रेत उसाला सहसा धक्का लावत नाही. मात्र शेजारी कापूस, द्राक्षे किंवा भाजीपाला असेल तर वाऱ्यात फवारू नये. नॉन-सिलेक्टिव म्हणजे निवड न करणारे. ग्लायफोसेट, पॅराक्वाट ही त्यातली. हिरवे पान सापडले की ती तण म्हणत नाहीत आणि ऊस म्हणत नाहीत. 'नॉन' दिसला म्हणजे उसाला बाधा नाही, असे समजून उभ्या लागणीवर पंप मारला तर वर्षाचे पीक हातचे गेलेच म्हणून समजा.

'नॉन' नेहमी वाईटच असतो असेही नाही. नॉन-टॉक्सिक म्हणजे बिनविषारी, तो चांगलाच. बरे-वाईट ठरवतो तो पुढचा शब्द.

तेव्हा डबा फोडण्यापूर्वी आणि कागदावर सही करण्यापूर्वी अडलेला शब्द शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून वाचून घ्यावा, नाहीतर गट कार्यालयात दाखवावा. विचारण्यात कमीपणा नाही, न विचारण्यात मात्र नुकसान आहे.

— ऊस विकास अधिकारी